सातबाऱ्याची चौकट : वर्धा जिल्हा, भूमी अभिलेख आणि सर्व्हरवर घडणारे पान

केंद्र शासनाने १९८८-८९ मध्ये भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची योजना शंभर टक्के केंद्रीय अर्थसाहाय्याने प्रायोगिक स्वरूपात सुरू केली, तेव्हा देशभरातून आठ जिल्हे निवडण्यात आले. आंध्र प्रदेशातील रंगारेड्डी, आसामातील सोनितपूर, बिहारमधील सिंगभूम, गुजरातेतील गांधीनगर, मध्य प्रदेशातील मुरैना, ओरिसातील मयूरभंज आणि राजस्थानातील डुंगरपूर यांच्या पंक्तीत महाराष्ट्रातून वर्धा जिल्ह्याचे नाव होते. सेवाग्राम, पवनार आणि कापूस यांच्यामुळे ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याची ही दुसरी ओळख फारशी चर्चेत आली नाही. तथापि आज महाराष्ट्रातील कोणताही शेतकरी भ्रमणध्वनीवर आपला सातबारा पाहतो, तेव्हा जी व्यवस्था त्याच्यासमोर ते पान उभे करते, तिच्या पूर्वेतिहासाचा एक धागा थेट या प्रायोगिक प्रयत्नापर्यंत जातो.

या इतिहासाकडे दोन अंगांनी पाहता येते. एक अंग महसुली प्रशासनाचे आहे आणि दुसरे संगणकशास्त्राचे, विशेषतः त्यातील ज्या शाखेत वेबपान वाचकाच्या यंत्रावर नव्हे तर दूरच्या सर्व्हरवर घडवले जाते, तिचे आहे. ही दोन अंगे सहसा वेगवेगळ्या अभ्यासकांच्या हाती राहतात. परंतु जमिनीच्या नोंदीत चौकट, मजकूर आणि मान्यता असे जे तीन घटक महसुली व्यवस्थेने फार पूर्वीच वेगळे केले होते, त्याच तीन घटकांची विभागणी सर्व्हरवरील पानाच्या घडणीतही करावी लागली, आणि दोन्हीकडे बिघाड झाला तो मुख्यतः या घटकांच्या सांध्यांवरच, हे ध्यानात घेतले म्हणजे दोन्ही अंगे एकत्र वाचण्याचे प्रयोजन स्पष्ट होते.

खसऱ्यातील ओळ आणि सातबाऱ्याचे पान

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. त्याचे मुख्यालय आरंभी पुलगावजवळील कवठा येथे होते आणि १८६६ मध्ये ते पालकवाडी या गावी हलवून तेथे आजचे वर्धा शहर वसवण्यात आले. हा प्रदेश मध्य प्रांतात असल्यामुळे मुंबई इलाख्यातील रयतवारी पद्धत येथे नव्हती. गावाचा सारा भरण्याची जबाबदारी मालगुजारावर असे, आणि गावाच्या नोंदी पटवारी ठेवत असे. आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलेले वर्धा जिल्ह्याचे गॅझेटियर १९०६ मध्ये प्रसिद्ध झाले, ते याच मालगुजारी व्यवस्थेच्या काळातील आहे. पटवाऱ्याच्या दप्तरात गावाचा नकाशा, शेतवार नोंदींचा खसरा आणि खातेदारनिहाय देण्याचा हिशेब असलेली जमाबंदी ही मुख्य कागदपत्रे असत. खसऱ्यात प्रत्येक शेताला एक ओळ मिळे. म्हणजे एका शेताची नोंद ही संपूर्ण गावाच्या यादीचा केवळ एक भाग असे, आणि ती यादीपासून सुटी करून हातात देता येत नसे.

१९५० च्या कायद्याने मध्य प्रदेशातील मालगुजारी संपुष्टात आली, १९५४ च्या मध्य प्रदेश जमीन महसूल संहितेने भूमिस्वामी आणि भूमिधारी असे धारकांचे वर्ग निश्चित केले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी वर्धा जिल्हा विदर्भाच्या इतर जिल्ह्यांसह द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. राज्याच्या तीन महसुली परंपरा, म्हणजे मुंबई इलाख्याची, मध्य प्रांताची आणि हैदराबाद संस्थानाची, एका कायद्याखाली आणण्याचे काम महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिने केले. ती १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली आणि तिच्याखालील अधिकार अभिलेखविषयक नियम १९७१ मध्ये झाले. गावपातळीवर १ ते २१ असे क्रमांक दिलेले नमुने, ज्यांना गाव नमुने म्हणतात, ते आता वर्ध्यातही लागू झाले. पटवारी कागदोपत्री तलाठी झाला, जरी बोलण्यात वर्धा, नागपूरकडे पटवारी हा शब्द पुढेही टिकून राहिला.

या नमुन्यांपैकी सातवा म्हणजे अधिकार अभिलेख पत्रक आणि बारावा म्हणजे पिकांची नोंदवही. हे दोन एकाच कागदावर वरखाली छापले जात असल्यामुळे त्या कागदाला सातबारा हे नाव पडले. नमुना सातमध्ये भूमापन किंवा गट क्रमांक, भोगवटादाराचे नाव, लागवडीयोग्य क्षेत्र, पोटखराब म्हणजे लागवडीस अयोग्य क्षेत्र, आकार म्हणजे साऱ्याची रक्कम, कुळाचे नाव आणि बोजा वा विहिरीतील हिस्सा यांसारखे इतर हक्क असतात. नमुना बारामध्ये वर्ष, हंगाम, पीक, जलसिंचित आणि अजलसिंचित क्षेत्र, पाण्याचे साधन अशा नोंदी येतात. दोन्ही नमुने एका कागदावर नांदत असले तरी त्यांची गती आणि त्यांचा अधिकार भिन्न आहे : नमुना बारा हंगामागणिक पीक पाहणी करून भरला जातो, तर नमुना सातमधील एक अक्षरही नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद होऊन ती प्रमाणित झाल्याखेरीज बदलता येत नाही. सातबारा अशा रीतीने एकसंध दस्तऐवज नसून, भिन्न स्रोतांतून येणारा मजकूर एका ठरावीक चौकटीत मांडणारी रचना आहे. खसऱ्यातील ओळीचे असे स्वतंत्र पान झाल्यामुळे प्रत्येक शेताची नोंद सुटी करून देता येऊ लागली, आणि पुढे संगणकाला ही गोष्ट फार सोयीची ठरली.

मजकुराला मान्यता मिळण्याची पद्धतही येथे लक्षात घेतली पाहिजे. संहितेच्या कलम १४९ नुसार हक्क मिळवणारी व्यक्ती तलाठ्याला खबर देते. कलम १५० नुसार तलाठी फेरफाराची नोंद घेतो, तिची प्रत चावडीवर लावतो आणि हितसंबंधितांना नोटीस देतो. हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते, आणि अखेरीस मंडळ अधिकारी किंवा त्याहून वरिष्ठ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. प्रमाणित नोंदीचा अंमल सातबाऱ्यावर देताना तिचा क्रमांक नावाशेजारी वर्तुळात लिहिला जातो, आणि ज्याचा हक्क संपला त्याचे नाव खोडून न टाकता त्याला कंस केला जातो. वर्तुळातील क्रमांक नोंदीचे मूळ सांगतो आणि कंस तिची सद्यःस्थिती. कलम १५७ अन्वये अशी नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, यावरून या दोन साध्या खुणांचे वजन कळते.

प्रायोगिक जिल्हा

महसूलमंत्र्यांच्या १९८५ मधील परिषदेने भूमी अभिलेखांचे संगणकीकरण केंद्रीय योजनेतून करावे अशी शिफारस केली होती, आणि त्यातूनच वर उल्लेखिलेला आठ जिल्ह्यांचा प्रयोग उभा राहिला. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, ज्याला एनआयसी या आद्याक्षरांनी ओळखले जाते, तोवर जिल्हा मुख्यालयांत संगणक केंद्रे उभारण्यास आरंभ केला होता. योजनेची तांत्रिक बाजू या केंद्राकडे होती आणि मजकुराची बाजू राज्याच्या महसूल खात्याकडे. प्रयोग पुढे २४ जिल्ह्यांपर्यंत आणि नंतर देशाच्या बहुतेक भागांत पसरला, परंतु त्याची गती मंद राहिली. निधी वेळेवर न पोचणे, गरजेनुरूप सॉफ्टवेअर तयार होण्यास लागलेला विलंब, क्षेत्रीय महसूल कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची वानवा आणि माहिती भरून देणाऱ्या खासगी कंत्राटदारांचा अभाव ही कारणे शासकीय आढाव्यांतच नमूद आहेत. जिल्हा हे एकक नोंदी ठेवण्यासाठी फार मोठे ठरते, कारण नोंदी बदलतात त्या गावात आणि त्या तपासल्या जातात त्या तालुक्यात, ही गोष्टही या अनुभवातून पुढे आली. म्हणून १९९७-९८ पासून तहसील पातळीवर यंत्रणा कार्यान्वित करण्यावर भर देण्यात आला. वर्धा जिल्ह्याच्या बाबतीत तालुका म्हणजे वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर या आठांपैकी एक.

पहिल्या पिढीच्या या संगणकीकरणाचे स्वरूप आजच्या तुलनेत वेगळे होते. माहिती कार्यालयातील यंत्रावर साठवली जाई, तेथेच तिच्यावर प्रक्रिया होई आणि त्याच कार्यालयातील छपाईयंत्रावर उतारा निघे. सातबाऱ्याची चौकट, म्हणजे कोणता रकाना कोठे आणि किती रुंद, ही कार्यक्रमाच्या आज्ञावलीतच गुंफलेली असे. चौकट आणि मजकूर येथे यंत्राच्या पातळीवर प्रथमच वेगळे झाले, परंतु चौकटीच्या प्रती कार्यालयागणिक विखुरलेल्या राहिल्या, आणि एका ठिकाणी केलेली दुरुस्ती दुसरीकडे आपोआप पोचण्याचा मार्ग नव्हता.

लिपीचा प्रश्न याच काळात सोडवावा लागला. भारतीय लिपींसाठीचा कळफलक १९८६ मध्ये प्रमाणित झाला होता. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने जिस्ट नावाचे कार्ड संगणकात बसवून पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटवण्याची सोय प्रचारात आणली, आणि अक्षरांना अंक नेमून देणारी इस्की ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली. त्याच वर्षी युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीची पहिली आवृत्ती आली आणि तीत देवनागरीला स्थान मिळाले. मात्र सर्वसामान्य संगणकावर युनिकोड देवनागरी सहज दिसू लागली ती विंडोज २००० आणि तिच्यासोबतच्या मंगल या टंकापासून. मधल्या दशकात अनेक कार्यालयांत टंकाधारित पद्धती रुळल्या, ज्यांत अक्षराऐवजी त्याच्या आकाराचा क्रमांक साठवला जाई. असा मजकूर तो विशिष्ट टंक नसलेल्या यंत्रावर निरर्थक चिन्हांची रांग बनून दिसे, आणि त्यातील नावे शोधणे किंवा वर्णानुक्रमे लावणे जवळपास अशक्य होई. जमिनीच्या नोंदीत नाव हाच मुख्य मजकूर असल्याने संकेतप्रणालीचे ऐक्य ही वेबकडे जाण्याची पूर्वअट ठरली.

पान सर्व्हरवर घडू लागते

वेबच्या आरंभी पान म्हणजे तयार लिहून ठेवलेली फाइल होती. १९९३ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्राने सीजीआय ही पद्धत रूढ केली, तिच्यामुळे वाचकाची मागणी येताच सर्व्हरवरचा एखादा कार्यक्रम चालून पान जागच्या जागी तयार होऊ लागले. १९९५ मध्ये एचटीएमएल या पानलेखनाच्या भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीने फॉर्म प्रमाणित केला, त्याच वर्षी पीएचपी जाहीर झाली आणि ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्टही आली. १९९६ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने एएसपी हे तंत्र आणले. या साऱ्यांत पानाचा मजकूर आणि त्याला घडवणाऱ्या आज्ञा एकाच फाइलमध्ये एकमेकींत मिसळलेल्या असत : सारणीचा एक टॅग, मग माहितीसाठ्यातून नाव काढणाऱ्या चार ओळी, मग पुन्हा टॅग. टॅग म्हणजे कोनी कंसांत लिहिलेली खूण, जिच्यामुळे पुढचा मजकूर परिच्छेद आहे, सारणीतील रकाना आहे की भरण्याची जागा आहे हे ब्राउझरला कळते. सातबाऱ्यासारखी अनेक रकान्यांची चौकट अशा पद्धतीने दहा पानांवर वापरायची तर ती दहा वेळा लिहावी लागे, आणि एक रकाना बदलला की दहाही ठिकाणे शोधावी लागत.

या अडचणीवर दोन परंपरांनी जवळजवळ एकाच वेळी एकच उपाय काढला. १९९९ मध्ये जावा सर्व्हर पेजेसच्या १.१ या आवृत्तीने विकासकाला स्वतःचे टॅग निर्माण करण्याची मुभा दिली. आणि जानेवारी २००२ मध्ये आलेल्या एएसपी डॉट नेटने पानाकडे पाहण्याची दृष्टीच बदलून ते सर्व्हरवरील कंट्रोलांच्या वृक्षाच्या रूपात कल्पिले. कंट्रोल म्हणजे पानाचा असा स्वयंपूर्ण घटक, जो स्वतःची माहिती सांभाळतो, वाचकाने केलेल्या कृतीला प्रतिसाद देतो आणि शेवटी स्वतःचे एचटीएमएल स्वतः लिहितो. विकासक पानात एक टॅग लिहितो आणि त्याला 'रनॅट सर्व्हर' हे विशेषण जोडतो. त्या टॅगच्या जागी सर्व्हर कंट्रोल उभा करतो, त्यात मजकूर भरतो आणि ब्राउझरकडे पाठवताना त्या टॅगऐवजी साधी सारणी वा यादी पाठवतो. ब्राउझरला मूळ टॅग कधी दिसतच नाही.

स्वनिर्मित कंट्रोलांचेही दोन प्रकार पडले. यूजर कंट्रोल हा पानासारखाच लिहिलेला तुकडा असतो आणि तो त्या त्या संकेतस्थळापुरता राहतो; कस्टम कंट्रोल मात्र संपूर्णपणे आज्ञावलीत लिहून संकलित केला जातो आणि कोणत्याही संकेतस्थळात जोडता येतो. दुसऱ्या प्रकारात रेंडर नावाच्या क्रियेत टॅगचा प्रारंभ, त्याची विशेषणे, आतील मजकूर आणि टॅगचा शेवट क्रमाने लिहावा लागतो. पानाच्या शिरोभागी नोंदणीची एक ओळ देऊन त्या कंट्रोलसमूहाला उपपद दिले जाते, म्हणजे दोन वेगवेगळ्या निर्मात्यांच्या एकाच नावाच्या टॅगांत गोंधळ होत नाही. सातबाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर नमुना सात हा एक कंट्रोल, नमुना बारा हा दुसरा, आणि त्या दोघांना पोटात घेणारा सातबारा हा तिसरा, ज्याला संयुक्त कंट्रोल म्हणतात. १९७१ च्या नियमांनी कागदावर ठरवलेली ही रचना अशा पद्धतीत विनासायास बसते.

एका यादीचा अभ्यास

महाराष्ट्राच्या 'महाभूलेख' या संकेतस्थळाच्या पानांच्या नावांना लागलेला 'एएसपीएक्स' हा प्रत्यय ती पाने एएसपी डॉट नेटच्या याच घराण्यातली असल्याचे सांगतो. तेथे वर्धा जिल्ह्यातील उतारा पाहायचा तर आधी नागपूर विभाग, मग जिल्हा, मग तालुका आणि मग गाव निवडावे लागते. ही साधी दिसणारी साखळी सर्व्हरवरील कंट्रोलांच्या सर्व गुणदोषांचे उदाहरण म्हणून उपयोगी पडते. पुढील विवेचन या घराण्यातील तंत्राच्या सर्वसाधारण वर्तनाचे आहे.

वाचकाने तालुक्यांच्या यादीतून हिंगणघाट निवडले की पान सर्व्हरकडे परत जाते, ज्याला पोस्टबॅक म्हणतात. सर्व्हर त्या तालुक्यातील गावांची यादी भरून तेच पान पुन्हा पाठवतो. वेबचा सर्व्हर दोन मागण्यांच्या दरम्यान वाचकाला विसरतो, म्हणून आधी काय निवडले होते याची आठवण व्ह्यूस्टेट नावाच्या दडवलेल्या रकान्यात सांकेतिक रूपात पानासोबतच ये-जा करते. याद्या मोठ्या असल्या की हा रकाना फुगतो आणि संथ जोडणीवर प्रत्येक निवडीला प्रतीक्षा करावी लागते. त्यावर उपाय म्हणून विकासक गावांची यादी ब्राउझरमध्येच स्क्रिप्टने भरू पाहतो. स्क्रिप्ट म्हणजे पानासोबत येऊन वाचकाच्या यंत्रावर चालणाऱ्या आज्ञा. परंतु २००५ मध्ये आलेल्या एएसपी डॉट नेटच्या दुसऱ्या आवृत्तीने अशी तपासणी बसवली की यादीतून परत आलेले मूल्य सर्व्हरने स्वतः पाठवलेल्या मूल्यांपैकीच असले पाहिजे. स्क्रिप्टने भरलेले गाव सर्व्हरच्या लेखी अज्ञात असते, त्यामुळे तो मागणी नाकारतो. पुष्कळ विकासकांनी वैतागून ही तपासणीच बंद केली. योग्य मार्ग असा, की स्क्रिप्टने येऊ शकणारी मूल्ये कंट्रोलने रेंडर होताना आधीच नोंदवून ठेवावीत किंवा आलेले मूल्य सर्व्हरने माहितीसाठ्याशी पुन्हा ताडून पाहावे. फेरफाराची खबर कोणीही देऊ शकतो, पण अंमल प्रमाणित नोंदीचाच होतो, या महसुली तत्त्वाशी या तपासणीचे नाते सरळ आहे : दोन्हीकडे बाहेरून आलेले विधान हे केवळ विधान असते आणि अधिकार ते तपासणाऱ्या ठिकाणी असतो.

स्क्रिप्टशी निगडित आणखी दोन सांधे होते. एकच कंट्रोल पानावर दोनदा आला तर त्याची स्क्रिप्टही दोनदा लिहिली जाऊन गोंधळ होई. म्हणून कंट्रोलने स्क्रिप्ट स्वतः न छापता ती एका किल्लीनामासह पानाकडे नोंदवावी आणि पानाने ती एकदाच छापावी, असा संकेत रूढ झाला. २००७ मधील एजॅक्स विस्तारानंतर, ज्यात पानाचा फक्त एक भाग ताजा करता येऊ लागला, ही नोंदणी स्क्रिप्टमॅनेजर या कंट्रोलमार्फत करणे आवश्यक ठरले, अन्यथा ताज्या झालेल्या भागातील स्क्रिप्ट चालतच नसे. दुसरा सांधा नावांचा. कंट्रोल ज्या कंट्रोलच्या पोटात असेल त्याचे नाव त्याच्या नावापुढे जोडले जाते, जेणेकरून पानावरील प्रत्येक घटकाची ओळख एकमेव राहावी. परिणामी विकासकाने दिलेले छोटे नाव ब्राउझरपर्यंत पोचेतो लांबलचक होते, आणि मूळ नावाने शोध घेणारी स्क्रिप्ट रिकाम्या हाताने परतते. हे अंतिम नाव सर्व्हरकडूनच विचारून घेऊन स्क्रिप्टला देणे हाच भरवशाचा उपाय ठरला.

मराठी नोंदींच्या बाबतीत एक सूक्ष्म भेद विशेष महत्त्वाचा आहे. गट क्रमांक किंवा क्षेत्र भरण्याच्या जागी केवळ अंकच यावेत यासाठी तपासणीचे कंट्रोल वापरले जातात आणि तोच नियम दोनदा चालतो, आधी ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टने आणि मग सर्व्हरवर. नियमात अंकासाठी जे संक्षिप्त चिन्ह लिहिले जाते त्याचा अर्थ जावास्क्रिप्टमध्ये फक्त रोमन पद्धतीचे शून्य ते नऊ असा होतो, तर डॉट नेटमध्ये त्यात देवनागरी अंकही येतात. आणि तरीही डॉट नेट देवनागरी अंकांची प्रत्यक्ष संख्या करून देत नाही. त्यामुळे '१२५' असे लिहिणाऱ्याला ब्राउझर अडवतो. स्क्रिप्ट बंद असेल तर सर्व्हरचा नियम त्याला पुढे जाऊ देतो आणि संख्येत रूपांतर करताना कार्यक्रम कोसळतो. दोन्ही बाजूंनी आधी देवनागरी अंक एका ठरावीक रूपात आणून मगच तपासावेत, हा धडा इंग्रजी भाषकांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत सापडण्यासारखा नव्हता. याच जातीचा धोका मजकुराचा आहे : इतर हक्काच्या रकान्यातील मजकुरात कोनी कंस असतील आणि कंट्रोलने ते सांकेतिक रूपात न बदलता तसेच छापले तर ब्राउझर त्यांना टॅग समजतो, आणि एखाद्याने हेतुतः तेथे स्क्रिप्ट लिहिली तर ती दुसऱ्याच्या यंत्रावर चालते. मजकुराने चौकटीची भाषा बोलू नये, ही खबरदारी कंट्रोल लिहिणाऱ्याची असते.

चौकट एकच झाली

ऑगस्ट २००८ मध्ये जुन्या योजना एकत्र करून राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम सुरू झाला, आणि महाराष्ट्रात जमाबंदी आयुक्तांच्या देखरेखीखाली ई-फेरफार प्रणाली उभी राहिली. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या दस्ताची खबर तलाठ्याकडे ऑनलाइन येणे, नोटीस निघणे, हरकतीची मुदत आणि मंडळ अधिकाऱ्याचे प्रमाणीकरण हे टप्पे या प्रणालीत क्रमाने बांधले गेले. तत्पूर्वी हस्तलिखित आणि संगणकीकृत सातबारा तंतोतंत जुळवून घेणे भाग होते. जुनी नोंद यंत्रात भरताना झालेली चूक दुरुस्त करण्यासाठी संहितेच्या कलम १५५ चा, म्हणजे लेखनप्रमाद दुरुस्तीच्या तरतुदीचा, आधार घेण्यात आला आणि गावोगावी चावडी वाचन करून खातेदारांसमोर नोंदी वाचून दाखवण्यात आल्या. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या ॲपद्वारे शेतकरी स्वतः पिकाची नोंद करू लागला, म्हणजे नमुना बाराचा मजकूर भरणारा हात बदलला, नमुना सातचा मात्र नाही.

या साऱ्यांत चौकटीच्या इतिहासाच्या दृष्टीने निर्णायक ठरावा असा बदल २०२० मधील आहे. सप्टेंबर महिन्यात शासनाने सातबाऱ्याचा सुधारित नमुना लागू केला : गावाच्या नावासोबत त्याचा शासकीय संकेतांक, लागवडीयोग्य आणि पोटखराब क्षेत्राची स्वतंत्र तसेच एकूण बेरीज, खातेदाराच्या नावासोबतच खाते क्रमांक, प्रलंबित आणि शेवटच्या फेरफाराचा उल्लेख, दोन खातेदारांमध्ये ठिपक्यांची रेषा, आणि कंस केलेल्या नोंदींवर आडवी रेघ. कागदाच्या काळात सातबाऱ्याचे पुनर्लेखन साधारणतः दर दहा वर्षांनी होई आणि नवा नमुना गावोगाव पोचण्यास तेवढाच अवधी लागू शके. चौकट सर्व्हरवर एकाच ठिकाणी असल्यामुळे आर्वीचा आणि अलिबागचा उतारा एकाच नव्या रूपात निघू लागला, आणि त्यासाठी कोणत्याही गावाचा मजकूर नव्याने लिहावा लागला नाही.

कंसावरील आडवी रेघ येथे अधिक विचार करण्याजोगी आहे. नावाभोवतीचा कंस मजकुराचा भाग म्हणून टंकलिखित केला असेल तर यंत्राच्या दृष्टीने ती दोन चिन्हे आहेत आणि त्यावर रेघ मारायची हे त्याला कळणार नाही. हक्क संपल्याची स्थिती स्वतंत्रपणे साठवली असेल तर कंस, रेघ किंवा उद्या ठरेल ते तिसरे चिन्ह काढणे हे चौकटीचे काम राहते. कागदावर तलाठ्याची एकच कृती अर्थही सांगत होती आणि रूपही देत होती. सर्व्हरवर या दोन गोष्टी वेगळ्या न केल्यास रूप बदलताना अर्थाला धक्का लागण्याचा संभव निर्माण होतो. चांगल्या कंट्रोलची कसोटी म्हणून पाठ्यपुस्तकांत दिला जाणारा नियम, की कंट्रोलने माहितीची स्थिती जाणावी आणि दर्शन ठरवावे, पण माहितीत दर्शन साठवू नये, तो या एका कंसात पूर्णपणे सामावलेला आहे.

तंत्राचे वय आणि नोंदीचे वय

ज्या तंत्राने हे साध्य झाले ते तंत्रही आता जुन्यांत मोडते. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने चौकट, मजकूर आणि नियंत्रण यांना अधिक काटेकोरपणे वेगळे करणारी एमव्हीसी पद्धत दिली, आणि २०१६ च्या एएसपी डॉट नेट कोअरमध्ये वर वर्णिलेली, वेब फॉर्म्स नावाने ओळखली जाणारी कंट्रोलव्यवस्था आणलीच नाही. तिच्या जागी टॅग हेल्पर आले, जे साध्या टॅगांनाच सर्व्हरवर अर्थ देतात. दरम्यान ब्राउझरांनीही स्वनिर्मित टॅग स्वतः ओळखण्याची सोय स्वीकारली, ज्यात नावात जोडरेषा असणे बंधनकारक असते, म्हणजे भविष्यातील प्रमाणित टॅगांशी त्याची टक्कर होत नाही. स्वनिर्मित टॅग सर्व्हरवरच विरघळून जाण्याची गरज अशा रीतीने उरली नाही, आणि चौकटीचा काही भाग पुन्हा वाचकाच्या यंत्राकडे सरकला.

वर्धा जिल्ह्याच्या दाखल्यावरून पाहता खसरा, छापील नमुना, तालुक्याच्या यंत्रातील कार्यक्रम आणि सर्व्हरवरील कंट्रोल ही चौकटीची रूपे उत्तरोत्तर कमी काळ टिकली आहेत. मालगुजारीचा खसरा कित्येक दशके चालला, १९७१ च्या नियमांचा नमुना थोड्याफार फरकाने आजही उभा आहे, परंतु १९८८ च्या प्रयोगातील यंत्रणा इतिहासजमा झाली आणि २००२ ची कंट्रोलव्यवस्था तिच्या निर्मात्यांनीच नव्या पिढीत पुढे नेली नाही. जमिनीच्या नोंदीला मात्र इतके अल्पायुषी राहणे परवडत नाही, कारण वारसाचा वाद तीन पिढ्यांनंतरही उभा राहू शकतो. त्यामुळे प्रत्येक नव्या प्रणालीला विचारायचा प्रश्न तिच्या वेगाचा किंवा रूपाचा नसून हा आहे, की तिच्यात छापलेल्या प्रत्येक नावामागे त्याचा फेरफार क्रमांक आणि तो प्रमाणित करणारा अधिकारी सापडतो की नाही, आणि प्रणाली मोडीत निघाल्यावर ही जोडणी तिच्याविना वाचता येते की नाही. प्रायोगिक जिल्हा म्हणून वर्ध्याने आरंभिलेल्या कामाचे मोजमाप याच निकषावर करावे लागेल. पानाची घडण पुढेही बदलत राहील, पण नावाशेजारच्या त्या क्रमांकाचा माग तुटला तर उरते ते केवळ सुबक छापलेले पान, अधिकार अभिलेख नव्हे.